लोकरीचे मेण, निळी डबी आणि ‘शुद्ध’ या शब्दाचा इतिहास

१/२४
हिवाळा सुरू झाला की घरोघरी क्रीमची एखादी डबी किंवा ट्यूब कपाटातून बाहेर निघते. तिच्यातील पदार्थ आपण ‘तेलकट’ म्हणून ओळखतो, पण त्यात बऱ्याचदा पाण्याचाही मोठा वाटा असतो. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. मग डबीत ती दोन्ही महिनोन् महिने एकत्र कशी नांदतात? त्यांना बांधून ठेवणाऱ्या एका द्रव्याचा इतिहास या धाग्यात मांडतो आहे. ते द्रव्य म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचे मेण, अर्थात लॅनोलिन.

२/२४
सौंदर्यप्रसाधनांविषयी दोन प्रकारचे संदेश सतत फिरत असतात. पहिला सांगतो की अमुक पदार्थ नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे. दुसरा सांगतो की त्यात रसायने आहेत, म्हणून तो विषारी आहे. लॅनोलिनवर आजवर हे दोन्ही शिक्के बसले आहेत. त्याचा इतिहास पाहिला तर ‘सुरक्षित’ हा शब्द पदार्थाला जन्मतः चिकटलेला नसतो, हे ध्यानात येते. पदार्थ किती शुद्ध केला, किती प्रमाणात वापरला आणि कोणाच्या कशा त्वचेवर लावला, यांवरून तो अर्थ ठरत जातो.

३/२४
आधी थोडे रसायनशास्त्र. दुधात स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. लोण्यात उलट स्थिती असते: पाण्याचे थेंब स्निग्धांशात अडकलेले असतात. अशा मिश्रणाला पाठ्यपुस्तकी मराठीत ‘पायस’ म्हणतात, व्यवहारात इमल्शन. हे थेंब पुन्हा एकत्र येऊन थर वेगळे होऊ नयेत म्हणून जे द्रव्य लागते, ते पायसकारक किंवा इमल्सिफायर. त्याच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, दुसरा तेलाकडे. लॅनोलिनपासून बनणारे क्रीम हे लोण्याच्या जातीचे, म्हणजे ‘तेलात पाणी’ या प्रकारचे असते.

४/२४
असे द्रव्य हाती नसताना लोक काय करीत? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पर्गामॉनचा वैद्य गॅलेन याने मधमाश्यांचे मेण, गुलाबात मुरवलेले ऑलिव्ह तेल आणि पाणी घोटून एक लेप केला. त्यातले पाणी फार काळ टिकत नसे. ते त्वचेवर लवकर सुटे व उडून जाई, आणि त्यामुळे गारवा वाटे. ‘कोल्ड क्रीम’ या नावातील ‘कोल्ड’ इथून आले. आपल्याकडील शतधौत घृताची कृती याच कुळातील आहे. तूप पाण्यात पुनःपुन्हा घोटून केलेला तो मऊ पांढरा लेप चरकसंहितेतही दाह शमवण्यासाठी सांगितला आहे.

५/२४
लोकरीचे मेणही त्या काळी ठाऊक होते. ग्रीक लोक त्याला ‘ओइसिपोस’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वैद्य डायस्कोरिडीस याने त्याची कृतीच दिली आहे. न धुतलेली लोकर गरम पाण्यात पिळायची, ते पाणी उंचावरून ओतून फेस आणायचा, त्यावर समुद्राचे पाणी शिंपडायचे आणि वर तरंगणारा स्निग्धांश गोळा करायचा. रोमन लेखक प्लिनीही त्याचे औषधी उपयोग नोंदवतो. कवी ओव्हिड मात्र त्याच्या उग्र वासाची थट्टा करतो. स्त्रियांचे हे प्रसाधन अथेन्सहून येत असले तरी त्याला दुर्गंधी येते, अशी त्याची तक्रार आहे.

६/२४
पुढे एकोणिसाव्या शतकात हाच पदार्थ उद्योगापुढची अडचण म्हणून उभा राहिला. ताज्या कातरलेल्या लोकरीच्या वजनाचा साधारण ५ ते २५ टक्के भाग हे मेण असते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड किंवा फ्रान्समधील रूबे यांसारख्या शहरांत लोकर साबण आणि सोड्याच्या पाण्याने धुतली जाई आणि ते मेणचट पाणी ओढ्या-नद्यांत सोडले जाई. पुढे ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेला सांडपाण्यातून हे मेण वेगळे काढण्याची व्यवस्था एशोल्ट येथील प्रकल्पात करावी लागली. ज्या पदार्थाने नदी नासत होती, तोच औषधाच्या दुकानात जाणार होता.

७/२४
हा बदल बर्लिनमध्ये घडला. ऑस्कर लीब्राइख हा तेथील औषधशास्त्राचा प्राध्यापक. १८६९ साली क्लोरल हायड्रेटचा निद्राकारक गुण दाखवून तो आधीच प्रसिद्ध झाला होता. ओटो ब्राऊन याच्यासह त्याने लोकरीचे मेण शुद्ध करण्याच्या पद्धतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, १८८२ मध्ये घेतले. पाणी घोटून केलेल्या त्या शुद्ध मेणाला लॅटिनमधील ‘लाना’ म्हणजे लोकर आणि ‘ओलेउम’ म्हणजे तेल या शब्दांवरून ‘लॅनोलिन’ असे नाव मिळाले. याफे आणि डार्मश्टेटर यांच्या बर्लिनजवळील कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले.

८/२४
त्या काळी मलमांसाठी मुख्यतः डुकराची चरबी वापरीत. ती काही दिवसांत खवट होई. १८७२ पासून अमेरिकेत व्हॅसलीन आले. ते खवट होत नसे, पण त्यात पाणी जवळजवळ मुरतच नसे. त्यामुळे पाण्यात विरघळणारे औषध त्यात मिसळणे अवघड होते. लॅनोलिन सहजासहजी खवट होत नसे आणि आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवी. याचे कारण त्याच्या घडणीत आहे. तूप, तेल, चरबी यांत ग्लिसरीन बांधलेले असते, लॅनोलिनमध्ये ते नसते. म्हणून रसायनदृष्ट्या ते चरबी नसून मेण आहे.

९/२४
तरीही लॅनोलिन पूर्ण समाधानकारक नव्हते. ते चिकट होते, त्याला मेंढीचा वास होता, रंग पिवळसर होता आणि प्रत्येक खेपेचा माल सारखा निघत नसे. या अडचणीवर डार्मश्टेटरबरोबर काम केलेला एक रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे विचार करीत होता. त्याचे नाव आयझॅक लिफशुट्झ. तो मूळचा पिन्स्क परिसरातील, म्हणजे आजच्या बेलारूसमधील. त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न साधा होता: लोकरीच्या मेणात शेकडो घटक आहेत, त्यांपैकी पाणी नेमके कोण धरते?

१०/२४
उत्तर मिळाले ते कोलेस्टेरॉल आणि त्याच्या कुळातील अल्कोहोलांच्या गटात. इथे अल्कोहोल म्हणजे दारू नव्हे. हे मेणासारखे घन पदार्थ असतात. लिफशुट्झने हा गट वेगळा काढला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे एकस्व घेतले. नाव ठेवले ‘युसेरिट’, म्हणजे सुंदर मेण. त्याचे साधारण ५ भाग पॅराफिनच्या ९५ भाग मलमात मिसळले, की एरवी पाण्याला दाद न देणारे ते मलम स्वतःच्या वजनाइतके पाणी सहज सामावून घेई. पायसकारकाचे सामर्थ्य या प्रमाणात दिसते. काम अवघे पाच भाग करतात, उरलेले केवळ वाहक असतात.

११/२४
हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उना याने या मलमाचे महत्त्व ओळखले. उनाचे त्याच शहरातील एका औषधनिर्मात्याशी जुने सहकार्य होते: पाउल बायर्सडॉर्फ याने स्थापन केलेली आणि १८९० मध्ये ऑस्कर ट्रोप्लोविट्झ याने विकत घेतलेली कंपनी. ट्रोप्लोविट्झला रुग्णाच्या मलमापलीकडचे गिऱ्हाईक दिसत होते. १९११ मध्ये त्याने युसेरिटचे हक्क आणि ब्रेमेनजवळील आउमुंड येथील कारखाना घेतला. लिफशुट्झलाही त्याने आपल्याकडे आणले.

१२/२४
त्याच वर्षाच्या डिसेंबरात निव्हिया क्रीम बाजारात आले. युसेरिट, खनिज तेले, पाणी, ग्लिसरीन, थोडे सायट्रिक आम्ल, आणि सुवासासाठी गुलाब व लिली ऑफ द व्हॅली. मिश्रण बर्फासारखे शुभ्र झाले, म्हणून लॅटिनमधील ‘निक्स, निव्हिस’ म्हणजे हिम या शब्दावरून हे नाव दिले. आज परिचित असलेला निळा रंग मात्र नंतरचा आहे. पहिली डबी पिवळी, वेलबुट्टीची होती. निळी-पांढरी डबी १९२५ मध्ये आली.

१३/२४
यात नवे काय होते, हे समजायला दुकानाकडे पाहावे लागते. तोवरचे कोल्ड क्रीम औषधविक्रेता थोडे थोडे घोटून देई, कारण ते लवकर फुटे किंवा खवट होई. टिकाऊ पायस मिळाल्यावर एका कारखान्यात बनवलेली डबी आगगाडीने, जहाजाने दूरदेशी पाठवता येऊ लागली. किंमत उतरली. त्वचेची निगा ही श्रीमंतांच्या शृंगारमेजावरून कामगाराच्या घरात पोहोचू शकली. जागतिक बाजारपेठेचा हा विस्तार लोकरीच्या मेणातील त्या थोड्याशा अल्कोहोलांवर उभा होता.

१४/२४
आता या इतिहासातील काळे पान. ट्रोप्लोविट्झ आणि लिफशुट्झ दोघेही ज्यू. ट्रोप्लोविट्झने १९१२ मध्ये आपल्या कारखान्यात आठवड्याचे काम ४८ तासांवर आणले होते आणि कामगारांना मोफत जेवण देऊ केले होते. १९१८ मध्ये तो वारला. पुढे कंपनीची सूत्रे विली याकोबसोन याच्याकडे आली. तोही ज्यू. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि काही आठवड्यांतच प्रतिस्पर्धी उत्पादकांनी संधी साधली.

१५/२४
त्यांच्या जाहिरातींचा आणि चिकटपट्ट्यांचा सूर असा होता, की निव्हिया विकत घेणारा माणूस ज्यू कंपनीला पोसतो, आणि खऱ्या जर्मन माणसाने ‘जर्मन’ क्रीम वापरावे. क्रीमने कोणाला पुरळ आले, कोणाचा दाह वाढला, अशी तक्रार या मोहिमेच्या मुळाशी नव्हती. हल्ला निर्मात्याच्या वंशावर होता. औषधशास्त्रात ‘शुद्ध’ म्हणजे नको ते घटक काढून टाकलेला पदार्थ. त्या वसंत ऋतूत त्याच शब्दाचा दुसरा, भीषण अर्थ दुकानाच्या फळीपर्यंत येऊन पोहोचला होता.

१६/२४
एप्रिल १९३३ मध्ये संचालक मंडळातील ज्यू सदस्य पायउतार झाले. याकोबसोन अॅमस्टरडॅमला गेला, तिथून परदेशातील व्यवसाय पाहत राहिला आणि १९३८ मध्ये अमेरिकेला निघून गेला. कंपनी टिकली. टिकण्यासाठी तिने आपले नेतृत्व आता ‘जर्मन’ असल्याचे जाहीर केले, हेही नोंदवणे आवश्यक आहे. डबीतील क्रीम तेच राहिले, पण ते ज्यांनी घडवले त्यांची नावे जाहिरातीतून कधी बोललीच गेली नाहीत. महायुद्धानंतर अनेक देशांतील निव्हियाची बोधचिन्हे जप्त झाली. पोलंडमधील हक्क परत मिळायला १९९७ साल उजाडले.

१७/२४
हेच मेण आपल्याकडे एका वेगळ्या राजकारणातून आले. १९२९ मध्ये कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलिन तयार केले. विदेशी क्रीमांना देशी पर्याय देणे हा त्यामागचा स्वदेशी विचार होता. त्याचे तीन प्रमुख घटक म्हणजे बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन. ती हिरवी ट्यूब महाराष्ट्रातील घरांतही रुळली. कोकणात भेगाळलेल्या टाचांना कोकमाच्या बियांचे मुठेल लावण्याची जुनी रीत आहे. ते निव्वळ स्निग्ध असते, त्यात पाणी नसते, म्हणून त्याला पायसकारकाची गरजच पडत नाही. क्रीम आणि मुठेल यांतला मूळ फरक हाच.

१८/२४
आता सुरक्षिततेकडे. १८९५ मध्ये योसेफ याडासोन याने पॅच टेस्ट वैद्यकापुढे मांडली. संशयित द्रव्य पाठीवर पट्टीखाली ठेवून त्वचेची प्रतिक्रिया पाहण्याची ही पद्धत. विसाव्या शतकात तिचा वापर वाढला तसे लॅनोलिनची अॅलर्जी असलेले रुग्ण सापडू लागले. चाचणीसाठी जे द्रव्य प्रमाण मानले गेले, ते होते ‘वूल अल्कोहोल’. म्हणजे लिफशुट्झने वेगळा काढलेला गटच. ज्या अंशामुळे मेण पाणी धरते, अॅलर्जीचा मुख्य संशयही त्याच अंशावर आहे. गुण आणि दोष एकाच ठिकाणी वस्तीला आहेत.

१९/२४
हा धोका किती मोठा? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा प्रश्न येतो: नोंद कोणाची झाली? त्वचारोगाच्या दवाखान्यात आलेल्यांची चाचणी केली तर साधारण शेकडा एक ते सात जणांत प्रतिक्रिया दिसल्याच्या नोंदी आहेत. सर्वसाधारण लोकसंख्येसाठी १९७५ मध्ये युरोपातील माहितीवरून केलेला अंदाज मात्र दहा लाखांत दहाहूनही कमी असा होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी अर्थपूर्ण आहेत. पहिल्यात आधीच आजारी असलेले लोक मोजले आहेत, दुसऱ्यात सगळे. यातील एकच आकडा उचलून भीती घालणारे संदेश आणि निर्धास्त करणाऱ्या जाहिराती, दोन्ही अर्धेच सांगतात.

२०/२४
शिवाय एक विचित्र गोष्ट दिसते. पायावरील जुनाट जखमा किंवा दीर्घकाळचा इसब असलेल्यांत ही अॅलर्जी जास्त आढळते; तरीही त्यांपैकी काही जण निरोगी त्वचेवर लॅनोलिनयुक्त प्रसाधन विनातक्रार वापरू शकतात. वैद्यकीय लेखनात याला ‘लॅनोलिनचा विरोधाभास’ म्हणतात. अमेरिकन त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८३ मधील एका लेखाच्या शीर्षकातच, हे संकट आहे की प्रहसन, असा प्रश्न विचारला होता. पण वाद मिटला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने लॅनोलिनलाच ‘वर्षाचा अॅलर्जीकारक’ म्हणून निवडले.

२१/२४
दुसरा धोका मेणाचा स्वतःचा नव्हता. तो माणसाने मेंढीवर घातला होता. गोचीड आणि खरूज टाळण्यासाठी मेंढ्यांना औषधी पाण्यात बुडवून काढतात. एकोणिसाव्या शतकात त्या पाण्यात आर्सेनिक असे, दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, लिंडेन, डिल्ड्रिन यांसारखी कीटकनाशके आली, मग डायझिनॉन. ही नवी द्रव्ये स्निग्ध पदार्थात मुरतात. साहजिकच ती लोकरीच्या मेणात साठली, आणि १९८० च्या दशकात औषधी लॅनोलिनमध्ये त्यांचे अवशेष सापडल्यावर चिंता वाढली.

२२/२४
चिंतेचे मुख्य कारण होते तान्ही बाळे. स्तनपान करणाऱ्या आईच्या भेगाळलेल्या स्तनाग्रांवर लॅनोलिन लावतात, आणि ते थेट बाळाच्या तोंडात जाते. त्यानंतर अमेरिकी औषधसंहितेने मर्यादा घातल्या. साध्या लॅनोलिनमध्ये कीटकनाशकांचे एकूण अवशेष दहा लाख भागांत ४० पेक्षा जास्त नकोत. विशेष शुद्ध केलेल्या प्रकारात ३ पेक्षा जास्त नकोत. याच काळात मोकळी अल्कोहोले आणि धुण्यातील साबणी अंश काढून टाकल्यास अॅलर्जीही पुष्कळ घटते, असे दिसून आले. पदार्थाचे नाव एकच राहिले, पण १८८५ चे लॅनोलिन आणि आजचे वैद्यकीय लॅनोलिन हे एकसारखे पदार्थ नाहीत.

२३/२४
मग आज वाचकाने यातून काय घ्यावे? निरोगी त्वचेच्या बहुसंख्य लोकांसाठी लॅनोलिन हे निर्धोक आणि उपयुक्त द्रव्य आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील प्रसाधनघटकांच्या तज्ज्ञ समितीनेही प्रचलित वापरात ते सुरक्षित ठरवले होते. इसब, जुनी जखम किंवा क्रीम लावल्यावर वारंवार खाज असेल, तर वेष्टनावर लॅनोलिन, वूल वॅक्स, लॅनोलिन अल्कोहोल हे शब्द शोधावेत आणि त्वचातज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. स्तनपानाच्या काळात त्या कामासाठी शुद्ध केलेला प्रकारच वापरावा. प्राणिज पदार्थ टाळणाऱ्यांनीही हे शब्द ध्यानात ठेवावेत.

२४/२४
नैसर्गिक मेंढीच्या नैसर्गिक मेणात कीटकनाशक सापडले, आणि ते सुरक्षित झाले ते प्रयोगशाळेतील शुद्धीकरणाने. १९३३ मध्ये मात्र एक चांगले क्रीम ‘अशुद्ध’ ठरवले गेले आणि त्याला प्रयोगशाळेतील कोणताही पुरावा लागला नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी एखाद्या वस्तूला शुद्ध किंवा घातक म्हणेल, तेव्हा त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: मोजले काय, आणि मोजले कोणी? आपल्या भागात लोकर, मेण, तूप यांच्या लेपांच्या जुन्या कृती माहीत असतील तर खाली अवश्य लिहा. धागा इथे संपला.